मुंबईत भाजी-फळं घेताना: आधी आवक बघा, मग भाव विचारा

मुंबईत आल्यावर पहिल्याच आठवड्यात परळच्या नाक्यावर मी विचारलं, "भेंडी कशी दिली?" उत्तर आलं, "वीस." आमच्या तासगावच्या बाजारात वीस म्हणजे किलोचे वीस. मी खुशीत किलोभर घ्यायला सांगितली आणि भाजीवाल्याने ऐंशी मागितले. भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारची मावशी म्हणाली, "ताई, हितं पावाचा भाव सांगत्यात."

आता लालबागमध्ये बारा वर्षं डबे करते, रोज पंचवीस. एवढ्या वर्षांत घासाघीस करून सुटले ते पाच-दहा रुपये. खरा पैसा वाचला तो कुठली भाजी कधी घ्यायची नाही हे कळल्यावर. नव्याने संसार थाटलेले, नोकरीसाठी आलेले, तिघा-चौघांत मिळून खोली घेतलेले, अशांसाठी हे लिहिते आहे. सगळं एका दमात पाळायची गरज नाही.

पायरी १: आकडा ऐकला की माप विचारा

हातगाडीवर फळभाजीचा भाव पावाचा असतो. कांदे-बटाटे किलोवर, पालेभाजी जुडीवर, केळी आणि हापूस डझनावर, लिंबं "दहाला तीन" अशी. टोमॅटो, मिरच्या, आलं यांचे कधीकधी वाटे लावलेले असतात. वाट्यात वरचे चार नग तुमच्यासाठी मांडलेले असतात, खालचा एक भाजीवाल्याच्या सोयीचा. वाटा पिशवीत जाण्याआधी हाताने पसरून बघा, कुणी रागावत नाही. "पाव की किलो?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. जन्मापासून गिरगावात राहिलेले लोकही विचारतात.

आणखी एक खूण आहे. भाजी घेतल्यावर वरून चार काड्या कोथिंबीर, दोन मिरच्या, कढीपत्त्याचा एक डहाळा टाकायची इथे रीत आहे. भाजीवाल्याने न मागता टाकली तर आवक बरी चालली आहे असं समजा. मागूनही "आज नाही ताई" ऐकू आलं, तर पालेभाजीचा भाव चढलेला आहे. ही कोथिंबीर मला बाजारभावाच्या बातमीपेक्षा आधी कळवते.

पायरी २: भाजी येते कुठून आणि किती वाजता

मुंबईत खाल्ली जाणारी बहुतेक भाजी-फळं वाशीच्या बाजार समितीतून येतात. पत्त्याने ती तुर्भ्यात आहे, पण सगळे "वाशी मार्केट"च म्हणतात. १९९६पर्यंत भाज्या-फळांचा घाऊक व्यापार भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट भागात होता. मग तो खाडीपलीकडे गेला. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, फळांसाठी आजही चांगली, पण तिथला भाव आता वाशीचं बोट धरून चालतो.

नाशिककडून पालेभाजी, टोमॅटो, कोबी, नारायणगाव-जुन्नरकडून टोमॅटो, पुरंदरचा वाटाणा, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटकातून ट्रक. गाड्या रात्री लागतात, व्यवहार भल्या पहाटे होतो आणि उजाडायच्या आत टेम्पो दादर, भायखळा, बोरिवलीकडे निघतात. दुसरीकडे वसई-विरारच्या भाजीवाल्या पहाटेच्या लोकलने पाट्या घेऊन उतरतात. त्यांच्याकडची भाजी थोडी आणि मातीत माखलेली असते, पण आदल्या दिवशीची काढणी असते. २०१६मध्ये राज्य सरकारने भाज्या-फळं बाजार समितीच्या नियमनातून मोकळी केली. तेव्हापासून शेतकऱ्याला शहरात थेट विकता येतं. तुमच्या भागात शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर तो वार पाठ करा.

दिवसाकाठी स्वस्ताईच्या वेळा दोन. सकाळी सहा ते सात दादर पश्चिमेला, स्टेशनाबाहेर. तिथे घाऊक आणि किरकोळ यांच्या मधला भाव मिळतो, पण पाच किलो उचललीत तर. शेजारच्या दोन घरांशी वाटणी ठरवा, नाहीतर पाच किलो दुधी घरी आणून नवऱ्याची बोलणी खाल. दुसरी वेळ रात्री साडेआठनंतरची. भाजीवाल्याला पालेभाजी उद्यापर्यंत टिकवायची नसते, त्यामुळे तीन जुड्यांत चौथी येते. ती त्याच रात्री निवडून फडक्यात गुंडाळली पाहिजे. दुपारी चारला जाऊन स्वस्त मिळेल ही आशा सोडा.

किरकोळ भाव वाशीच्या जवळजवळ दुप्पट दिसला की लोक भाजीवाल्याला लुटारू ठरवतात. मीही ठरवत होते. मग एका पावसाळ्यात परळच्या त्याच भाजीवाल्या मावशीने मला कोथिंबिरीची जुडी सोडून दाखवली. बाहेरून हिरवीगार, दोरा कापला तर आतला मुठीएवढा भाग काळा, बुळबुळीत, कोमट. शंभर जुड्यांत तिच्या अशा वीस-पंचवीस निघाल्या. हमाली, टेम्पो, बसायच्या जागेचे पैसे आणि ही सड, सगळं उरलेल्या जुड्यांवर बसतं.

पावसाचा एक उलटा हिशेब असतो. लोकल बंद पडली, रस्ते तुंबले की गल्लीत भाजी महागते. वाशीत मात्र त्याच दिवशी भाव पडलेला असू शकतो, कारण रात्री निघालेल्या गाड्या पोचलेल्या असतात आणि माल उचलायला किरकोळवालेच पोचलेले नसतात. उठाव नाही म्हणून भाव नाही. कसारा किंवा माळशेज घाटात दरड आली तर गोष्ट वेगळी. तेव्हा गाड्याच येत नाहीत. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी बाजारात जाऊच नका. घरात मूग, मटकी, चवळी भिजवून मोड आलेली ठेवा. आमच्या डब्यात जुलैमध्ये आठवड्यातून तीनदा उसळ असते, आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

पायरी ३: हंगाम ओळखा

नव्या माणसाने सुरुवात हिवाळ्यात करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईला भाजीचं सुख असतं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, कोबी, फ्लॉवर, वांगी, सगळं भरभरून. जानेवारीत मध्य प्रदेशाकडून मटार येऊन आदळतो. तेव्हा पाच किलो शेंगा घ्या, सोला आणि गोठवून ठेवा. दाणे जेमतेम निम्मे निघतात हे धरून हिशेब करा. लाल दिल्ली गाजर, ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, लसणीची पात, सुरती पापडी हे सगळं याच दिवसांतलं. भुलेश्वरला गेलात तर उंधियूचं सगळं एका रांगेत मिळतं. या सुखाला अपवाद शेवग्याचा. डिसेंबर-जानेवारीत त्याचा भाव डोळे पांढरे करतो. माटुंग्याच्या मंडईत शेंगा तेव्हाही मिळतात, पण सांबारात दोनच तुकडे टाकायची वेळ येते.

उन्हाळा सुरू झाला की लिंबू चढतं. एप्रिल २०२२मध्ये एका लिंबाला दहा-पंधरा रुपये मोजलेली माणसं अजून ती गोष्ट सांगतात. पावसाळ्यात तेच लिंबू रस्त्यावर पडून असतं, तेव्हा लोणचं घाला. मे महिन्यात कोथिंबीर आणि पालेभाजी उन्हाने रोडावते, म्हणून दुधी, भोपळा, काकडी, गवारीवर भागवायचं. ढोबळी मिरचीला मात्र मी कुठल्याच हंगामात माफ केलेलं नाही. कधी वीस, कधी तीस, आणि शिजल्यावर उरते चमचाभर.

पावसाळ्याची मात्र मी वाट बघते. बाजारातली भाजी तेव्हा महाग आणि ओली असते, पण रानभाजी येते. पहिल्या सरीबरोबर शेवळं. सोबत काकडं, म्हणजे त्यात घालायची आंबट रानफळं, मागून घ्या, नाहीतर घसा खाजतो. मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, आणि जुलै-ऑगस्टात कंटोळी. दादर, ठाणे, बोरिवली, कल्याण स्टेशनांबाहेर पालघर-कर्जतकडच्या आदिवासी बाया पानांवर वाटे मांडून बसतात. ओळखता येत नसेल तर त्यांनाच विचारा, कशी करायची तेही सांगतात. दोन डोंगर चढून खुडून आणलेल्या वाट्याचा भाव पाडून मागायचा नसतो, हे माझं ठाम मत. कंटोळी महाग वाटली तर पावशेर घ्या, कांद्यात वाढवा.

लोकलच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालक-माठाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. कुठली जुडी कुठली हे बघून कळत नाही. मी पालेभाजी ओळखीच्या माणसाकडूनच घेते आणि तीन पाण्यांतून धुते.

फळांचं थोडक्यात. द्राक्षं जानेवारीत दिसतात, पण गोडी फेब्रुवारी-मार्चला भरते. माझ्या तासगावचीच असली तरी जानेवारीत घेऊ नका. नागपुरी संत्रं सैल सालीचं. हिवाळ्यात त्याच नावाने घट्ट सालीचा किन्नू गळ्यात मारतात, बोटाने साल सुटते का बघा. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचे पहिले डबे हौसेचे, परवडणारे फेब्रुवारीनंतर. डबा उलटा करून तळ बघा. सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. सफरचंद हिमाचलचं जुलै-ऑगस्टात, काश्मीरचं सप्टेंबरपासून. एप्रिल-मेमध्ये चकाकणारं सफरचंद शीतगृहातलं किंवा परदेशातलं असतं. डहाणू-घोलवडचा चिकू, जळगावची आणि वसईची केळी हा गरिबाचा बारमाही आधार.

पायरी ४: कांदा, बटाटा, टोमॅटो

घरखर्चाचं गणित या तिघांवर उभं असतं, आणि तिघांचे स्वभाव वेगळे.

कांदा वर्षातून तीनदा येतो. दिवाळीच्या आगेमागे खरिपाचा लाल कांदा, मग जानेवारीनंतर रांगडा, आणि मार्च-एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा. टिकतो तो हा शेवटचाच. शेतकरी तो कांदाचाळीत, म्हणजे शेतावरच्या हवेशीर कोठारात, साठवतो आणि नवा कांदा येईपर्यंत आपण तोच खातो. चाळीतला माल सरत आला आणि नवा पावसात भिजला की सप्टेंबर ते डिसेंबर भडका उडतो. डिसेंबर २०१९मध्ये मुंबईत किलोने शंभरी ओलांडली होती. ओळखायला सोपं आहे: उन्हाळ कांद्याला कोरड्या, कुरकुरीत सालींचे दोन-तीन पदर असतात आणि मान घट्ट मिटलेली, लाल कांद्याची साल पातळ, मान ओलसर. लाल कांदा स्वस्त दिसला म्हणून दहा किलो भरू नका, पंधरा दिवसांत घरभर वास सुटतो. भरायचा तो मेमध्ये. जुनी माणसं पावसाआधीच्या साठवणीला आगोट म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत पोतं मावत नाही हे मलाही माहीत आहे. आठ-दहा किलो बांबूच्या टोपलीत, खिडकीशी, बटाट्यापासून लांब, एवढं जमतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी मिळाली तर एक खिळा तिच्यासाठी राखा.

बटाटा शहाणा. तो जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, शीतगृहात जातो आणि वर्षभर थोडाथोडा येतो, म्हणून भाव एकदम उसळत नाही. मात्र शीतगृहातला बटाटा गोडसर होतो आणि तळताना लवकर काळवंडतो. वेफर, किस करायचे तर फेब्रुवारी-मार्चचा नवा घ्या, पण तो चांगला वाळलेल्या सालीचा. नखाने साल निघते तो कोवळा, तो भाजीला.

टोमॅटोवर भरवसा ठेवू नये. २०२३चंच बघा. मेमध्ये भाव इतका पडला होता की शेतकऱ्यांना तो रस्त्यावर ओतावा लागला. काहींनी पिकाकडे पाठ फिरवली, वर ऊन आणि रोग. जुलैत मुंबईत किलोला शंभराच्या पुढे गेला. दरसाल एवढं होत नाही, पण जून ते ऑगस्ट टोमॅटो चढतो हे धरून चाला. तेव्हा आमटीत कोकम, भाजीत चिंच. मी मार्चमध्ये टोमॅटो शिजवून, गाळून, बर्फाच्या साच्यात गोठवते. जुलैमध्ये दोन तुकडे टाकले की रस्सा लाल.

पायरी ५: पंचांग हाताशी ठेवा

मुंबईत भाव पावसाने चढतो तसा तिथीनेही चढतो. श्रावणात मासळी-मटण बंद झालं की साऱ्या शहराची भूक भाजीवर येते, आणि आवक नेमकी कमी. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी अळू, माठ, सुरण, शिराळी, पडवळ यांचा मिसळलेला वाटा एरवीच्या दुपटीने जातो. पितृपंधरवड्यात गवार, भेंडी, कारलं, काकडी. नवरात्रात आणि आषाढी एकादशीला रताळी, केळी. मार्गशीर्षातले गुरुवार तर बुधवारी संध्याकाळपासूनच सुरू होतात: पाच फळांचा वाटा, त्यात एक सफरचंद, एक मोसंबं, एक चिकू, सगळं लहान आणि भाव मोठा. ती फळं मंगळवारीच आणून ठेवा. भोगीची भाजी दोन दिवस आधी घेतली तर निवडायला वेळही मिळतो. रमजानमध्ये संध्याकाळी चार ते सहा कलिंगड-पपईला हात लावू नका, सकाळी घ्या.

आणि सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी बाजारात चक्कर टाकाच. उरलेला माल काढायची घाई असते.

पायरी ६: हापूस, जपून

माझ्या फसवणुकीची ही दुसरी गोष्ट. दारावर आलेल्या एका विक्रेत्याकडून "देवगड" छापलेली पेटी एप्रिलमध्ये घेतली. आंबे उघडले तर गुंडाळलेले कागद कानडी वर्तमानपत्रांचे. आंबा खायला वाईट नव्हता, पण पैसे देवगडचे गेले होते.

हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांपुरतं. त्याच जातीचा कर्नाटकातला आंबा त्याच रंगाचा असतो आणि स्वस्त असतो. तो जरूर घ्या, पण त्याच्या भावाने. नाक देठाशी न्या: कोकणच्या पिकल्या फळाचा वास पेटी उघडताच खोलीत पसरतो. कापल्यावर आत केशरी. एक तरी फळ कापून दाखवा म्हणा. जो नकार देईल त्याच्याकडून पेटी घेऊ नका.

पेटीवर आकडा असतो तो डझनांचा. चार डझनाची पेटी म्हणजे मोठी फळं, आठ डझनाची म्हणजे लहान. आकाराला भुलू नका. मोठ्या फळात साका, म्हणजे आतला पांढरट खराब गर, निघायची भीती जास्त, आणि रसाला लहान फळ तेवढंच गोड. पाडव्याला नैवेद्यापुरते दोन घ्या. अक्षय्य तृतीयेला आवक वाढते, पण मागणीही. पेटी घ्यायची ती मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, पाऊस वळचणीला यायच्या आत. थोडी कच्ची घ्या, घरी पेंढ्यात अढी लावा, रोज एकदा हात फिरवून पिकलेली वेगळी काढा. आमरसाला पायरी जातीचा आंबा बरा पडतो, आणि भावातही.

जूनमध्ये हापूस संपला की लोक आंबा संपला म्हणतात. गुजरातचा केसर असतो, मग उत्तरेचे दशेरी, लंगडा, चौसा जुलै उलटेपर्यंत. आणि नोव्हेंबरात क्रॉफर्डला हापूस दिसला तर चक्रावू नका, तो आफ्रिकेतल्या मलावीचा. भाव ऐकून परत ठेवा.

पायरी ७: पहिला महिना

मोबाइलवरून मागवलेली भाजी सोयीची असते आणि कधी गल्लीपेक्षा स्वस्तही, विशेषतः कांदे-बटाटे-टोमॅटो, कारण ते गिऱ्हाईक ओढायला ठेवलेले असतात. बाकीच्या भाज्यांचं वजन बघा. "एक पाकीट" दोनशे ग्रॅमचं असतं आणि तुम्ही मनात पाव किलोचा भाव धरता.

पहिले चार आठवडे वहीत फक्त सात ओळी लिहा: कांदा, बटाटा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, तुमची आवडती एक फळभाजी, आणि केळी. दर रविवारी तोच नाका, तोच भाजीवाला, शक्यतो तीच वेळ. महिन्याभरात कोण वर जातंय आणि कोण खाली ते दिसायला लागतं, मग भाजीवाल्याशी बोलणंही बदलतं. "एवढे कसे?" ऐवजी "मावशी, आज काय जास्त आलंय?" असं विचारा. ती खरं सांगते. तिलाही जे जास्त आलंय तेच संपवायचं असतं.

दादरला जायचं ठरवलंत तर दोन कापडी पिशव्या, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा, आणि टोमॅटोसाठी एक कडक डबा घ्या. खाली कांदे-बटाटे, मग कोबी-दुधी, पाला सगळ्यात वर. आणि साडेसातच्या आत परतीची गाडी धरा. त्यानंतर पिशवी घेऊन डब्यात शिरलात तर घरी पोचेपर्यंत टोमॅटोची चटणी झालेली असते.